स्टार्टएक्स 'परमिशन डिनाइड' म्हणतंय? आधी सुडो लावू नका

लिनक्सवर बिलिंग चालवणाऱ्या दुकानदारांसाठीचा कालचा व्हिडिओ पाहिला असेल, तर हा त्याचाच पुढचा भाग समजा. कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिसेलच.

चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो. एका हार्डवेअर दुकानात काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकून दिलं होतं. एके दिवशी डेस्कटॉप येईना. मी टर्मिनलवर स्टार्टएक्स टाइप केलं, एरर आली. काउंटरवर गिऱ्हाईक उभं, म्हणून घाईत सुडो स्टार्टएक्स मारलं. डेस्कटॉप आला! काका खूश, मी चहा पिऊन घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "अहो सर, पासवर्ड बरोबर टाकतोय, पण स्क्रीन एकदा लुकलुकते आणि परत पासवर्डच मागते."

झालं काय होतं ते समजून घ्या. डेस्कटॉप सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये 'टिंब एक्सऑथॉरिटी' नावाची छोटी फाइल लिहिली जाते. स्क्रीनवर खिडकी उघडायची परवानगी कोणाला, याची किल्लीच म्हणा ना. सुडोने चालवल्यावर ती फाइल रूटच्या नावावर झाली. आता काकांचा युजर स्वतःच्याच घरातली किल्ली उचलू शकत नाही. उबंटू १९.१० पासून सुडो होम फोल्डर रूटचं धरतं, त्यामुळे हा घोळ कमी होतो. पण दुकानांत जुनी मशीन्स भरपूर आहेत.

आता उपाय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथे नेहमीच्याच युजरने लॉगिन करा. मग 'एलएस वजा एल' देऊन त्या फाइलचा मालक पाहा. तिथे रूट दिसलं तर एमव्ही कमांडने फाइलचं नाव बदला, शेवटी 'जुनी' वगैरे काहीही जोडा. यासाठी सुडोसुद्धा लागत नाही! फाइल रूटची असली तरी फोल्डर तुमचं आहे, आणि नाव बदलायचा हक्क फोल्डरवरून ठरतो. पुढच्या वेळी नवीन फाइल आपोआप तयार होते. 'टिंब आइसऑथॉरिटी' नावाची फाइल असेल तर तीही अशीच तपासा. नावच बदलत नसेल, तर होम फोल्डरचाच मालक बदललाय. तिथे मात्र सुडो लावून सीएचओनने ते फोल्डर युजरच्या नावावर करा.

फाइलचा मालक बरोबर आहे, तरी सुडोने चालतं आणि साध्या युजरने नाही? मग 'डीएफ वजा एच' बघा. हे बहुतेक जण विसरतात. डिस्क शंभर टक्के भरली की किल्लीची फाइल लिहिता येत नाही. पण ईएक्सटी४ मध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, म्हणून रूटचं काम चालतं आणि आपल्याला वाटतं परमिशनच गंडली! बिलांचे रोजचे बॅकअप त्याच डिस्कवर साठवणाऱ्यांनी इथे स्वतःकडे बघावं. (मीही बघितलं.)

टेम्प फोल्डरची परमिशन १७७७ हवी. कोणी साफसफाई करताना ते पुसून नव्याने केलं असेल तर ती बदललेली असते. सीएचमॉड १७७७ दिलं की झालं.

एक मात्र हात जोडून सांगतो. इंटरनेटवर कुणी 'होम फोल्डरला सरसकट ७७७ द्या' म्हटलं तर देऊ नका. एसएसएच तुमच्या चाव्या नाकारायला लागेल, आणि गिऱ्हाइकांच्या उधारीची वही त्या मशीनवरच्या कोणालाही उघडता येईल, नुसती वाचताच नाही तर बदलताही.

राहिली घरून दुकानात एसएसएच करून स्टार्टएक्स मारणारी मंडळी. तुम्हाला 'ओन्ली कन्सोल युजर्स' असा निरोप मिळेल. हा बिघाड नाही. डेबियन-उबंटूत एक्सरॅपर कॉन्फिग फाइलमध्ये 'कन्सोल' हीच मूळ सेटिंग असते, म्हणजे समोर बसलेल्यालाच डेस्कटॉप. ती 'एनीबडी' करता येते, पण मी करत नाही. दुकानातल्या पोराला फोन करून कीबोर्डवर बसवतो. 'कॅनॉट ओपन व्हर्च्युअल कन्सोल' आलं तरी तेच: ज्या काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलंय, तिथूनच स्टार्टएक्स द्या.

एवढं करूनही अडलं, तर लॉग वाचा. सुडोशिवाय चालणाऱ्या नव्या सिस्टिमवर तो व्हार-लॉगमध्ये सापडत नाही. होममधल्या 'टिंब लोकल', त्यातल्या 'शेअर', त्यातल्या 'एक्सऑर्ग' फोल्डरमध्ये जा. ज्या ओळींच्या सुरुवातीला कंसात डबल ई आहे, तेवढ्याच वाचा आणि त्यांचा फोटो काढून व्हिडिओखाली टाका.