नवं घर मांडणाऱ्या भाचीला

दोन खोल्यांचं घर, कपाट एक आणि न्हाणीघरात फळीही एकच. तेव्हा मावशीचं पहिलं सांगणं हेच की वस्तू मोजक्या आण आणि जी आणशील तिचा गुण-अवगुण माहीत करून घे. माझं माहेर वाईकडचं, सासर कुडाळचं. दोन्हीकडच्या बायकांनी जे शिकवलं त्यातलं वापरून पटलेलं तेवढंच तुला सांगते. काही जुन्या समजुती मी सोडून दिल्या, त्याही सांगते, कारण सगळंच आजीचं म्हणून खरं नसतं.

आधी अंगाचं. खोबरेल तेल हवंच. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून थंडीत बाटली गोठली की तेल खराब झालं असं समजू नकोस. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी कर, गॅसवर धरू नकोस. तेल लावायचं ते आंघोळीनंतर, अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत. तेल अंगाला पाणी देत नाही, असलेलं पाणी धरून ठेवतं. कोरड्या हातापायांवर ते नुसतं वर बसतं आणि कपडे तेलकट होतात. चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील तर मात्र तिथे खोबरेल लावू नकोस, छिद्रं बुजतात.

टाचांना भेगा पडल्या तर मुठेल. कोकमाच्या बियांचं हे तेल कोकणातल्या उन्हाळ्यातही घट्टच राहतं. चमच्यात चिमूटभर घेऊन जरा ऊन कर, रात्री पाय धुऊन, पुसून भेगांत भर आणि वर जुने सुती मोजे घाल. सासूबाई पावसाळाभर हेच करायच्या. बाजारातल्या कुठल्याही मलमापेक्षा मला हेच आवडतं. शिवाय एक गोळी वर्षभर पुरते.

उटणं दिवाळीत लाव, हौसेनं लाव. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा यांचा तो वास हवाच. पण ते भरड असतं, रोज चेहऱ्यावर घासायचं नाही. आणि लिंबू तर चेहऱ्याला चोळूच नकोस, कुणीही सांगो. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते आणि मग महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. उजळ होण्यासाठी मैत्रिणीनं सुचवलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेलं मलमही नको. तुझा सावळा रंग आजीचा आहे, त्यात उजळायचं काही नाही.

टिकलीचंही ऐक. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात असं रसायन असू शकतं की ज्यानं काहींच्या कपाळावर खाज येते, पुढे पांढरा डागही पडतो. रात्री टिकली काढून कपाळ धू. खाज सुटली तर ती टिकली बंद कर आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, वर दुसरी मोठी टिकली लावून झाकू नकोस.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. घरी, बाजारात, प्रवासात सुतीच घाल. दुकानदार प्युअर कॉटन म्हणतो तेव्हा कापडाच्या कडेचा एक धागा मागून घे आणि घरी काडी लावून बघ. सूत कागदासारखं जळतं, राख हलकी पडते. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर त्यात प्लॅस्टिकचा धागा आहे. नवं सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी पाण्यातून काढ, म्हणजे रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून दे, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता आखडतो. खणाचा कुर्ता तुला शोभेल. खण मूळ बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा. तिथल्या मागावरचा मिळाला तर दोन पैसे जास्त दे. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळव.

हळदीच्या डागाला मात्र ऊनच लागतं. साबण लावलास की डाग लालभडक होईल, घाबरू नकोस, हळदीचा धर्मच तो. धुऊन ओलाच कडक उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन दुपारींत फिका पडत पडत जातो. यासाठी महागडी पावडर आणायची गरज नाही.

आता चहा. तुझा आल्याचा चहा नासतो अशी तुझी तक्रार असते. दूध बिचारं चांगलंच असतं. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक पाचक घटक असतो, तो उकळीनं मरतो. म्हणून ठेचलेलं आलं आधी पाण्यात घाल, पाणी चांगलं खळखळू दे, मग साखर आणि चहापूड, एक उकळी, आणि शेवटी वेगळं तापवलेलं दूध. गवती चहाची दोन पाती गाठ मारून आल्याबरोबरच टाकायची. गुळाचा चहा करशील तेव्हा गॅस बंद करून मग गूळ घाल, उकळत्या दुधात गूळ पडला की चहा फाटतो.

चहाचा डबा मसाल्यांपासून लांब ठेव. चहा वास फार ओढतो, हिंगाशेजारचा चहा हिंगाचाच लागतो. त्याचाच फायदा असा की वेलचीची सालं फेकायची नाहीत, चहाच्या डब्यात टाकायची. उरलेला चोथा झाडांना घालायचा तर आधी धुऊन घे, साखरेनं मुंग्या लागतात. आणि जेवणाला लागून चहा नको. अन्नातलं लोह चहामुळे पुरतं अंगी लागत नाही. तुझं हिमोग्लोबिन आधीच कमी, तेव्हा मध्ये तासभर जाऊ दे.

राहिली वाकळ, तुमच्या शहरात गोधडी म्हणतात ती. हे काम तू शिकावंस असं मला मनापासून वाटतं. आतबाहेर सगळं कापड सुती आणि वापरून मऊ झालेलं हवं. नायलॉनची साडी आत घातली की ती सरकते, घामही टिपत नाही. नव्या जाड कापडातून सुई जाता जात नाही. साडीचे जरीचे काठ काढून टाक, ते टोचतात. सगळं धुऊन घे. खाली एक लुगडं अंथर, त्यावर धोतरं, फाटक्या चादरी, परकरांचे तुकडे असे सारखे पसर की कुठे उंचवटा राहू नये, आणि वर दुसरं लुगडं. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून तळहातानं सुरकुत्या काढ. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के धर. एवढं झाल्याशिवाय खरी शिलाई सुरू करायची नाही.

शिलाई कडेपासून. एक फेरी चारही बाजूंनी पूर्ण कर, मग बोटभर आत दुसरी, अशी मध्यापर्यंत. टाका साधा धावदोरा, पण सुई प्रत्येक वेळी खालच्या थरापर्यंत गेली पाहिजे. डाव्या हाताचं बोट वाकळीखाली ठेव, सुईचं टोक बोटाला लागलं की समजायचं. दोरा जाड सुताचा घे आणि मेणावरून ओढून घे, म्हणजे पिंजत नाही, गुंतत नाही. उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान घाल. रोज दुपारच्या चहानंतर तासभर बस, एकटी बसू नकोस, शेजारणीला समोरची कड दे. दोघींचे टाके वेगळे दिसतील, दिसू देत. मशीनवर शिवलेली गोधडी मला कधीच आवडली नाही. ती ताठ राहते, अंगाला लपेटत नाही.

वापरताना वर सुती खोळ घाल. वाकळ ओली झाली की एकटीला उचलत नाही, म्हणून वरचेवर धुवायला लागू नये. महिन्या-दोन महिन्यांनी गच्चीवर ऊन दाखवलं की पुरे, धुवायची ती भर उन्हाळ्यातच.

तुझ्या आईच्या ट्रंकेत आजीची सुती लुगडी आहेत, दोन इरकली आहेत. आजच फोन करून सांग तिला, भांड्यांच्या मोबदल्यात ती बोहारणीला देऊ नकोस म्हणावं. बाकी कापड मी जमवते.