उन्हाने कातडी भाजली तर घरी काय करायचे?

दर्यावर जाणाऱ्या बांधवांनो आणि मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या भगिनींनो,

दर्यावर वारा लागतो, अंग थंड वाटते, म्हणून ऊन बाधतेय हे कळतच नाही. आमच्यातला एक तरुण खलाशी असाच दिवसभर उघड्या अंगाने जाळे ओढत राहिला. रात्री पाठ लालभडक. घरच्यांनी खोबरेल चोळले, फोड आले ते सुईने फोडले. जखम चिघळली आणि ऐन हंगामात पंधरा दिवस घरी बसावे लागले. आपल्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

कातडी भाजते ती उन्हातल्या अतिनील किरणांनी. ते ढगांतूनही येतात. सकाळी 10 ते दुपारी 4 त्यांचा जोर जास्त. लाली काही तासांनी दिसते आणि साधारण 12 ते 24 तासांत सगळ्यात वाढते. म्हणून संध्याकाळी थोडेच लाल दिसले, तरी गाफील राहू नका.

हे करा:
1. आधी सावलीत या. गोड्या गार पाण्याने अंघोळ करा किंवा ओले फडके 10-15 मिनिटे ठेवा. दिवसातून अनेकदा करा.
2. कातडी ओलसर असतानाच कोरफडीचा गर किंवा साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा.
3. भरपूर पाणी प्या.
4. दुखत असेल तर मोठ्यांनी पॅरासिटामॉल पाकिटावरच्या प्रमाणात घ्यावी.
5. बरे होईपर्यंत तो भाग सैल सुती कपड्याने झाका.

हे करू नका:
होडीवर मासळीसाठी बर्फ असतो, तो थेट कातडीवर ठेवू नका. ताज्या भाजण्यावर तेल, तूप, टूथपेस्ट, लिंबू नको. फोड फोडू नका.

मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी, उलट्या, पू किंवा लहान मूल भाजले असेल, तर घरी थांबू नका, डॉक्टरांकडे जा. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि लगेच 108 ला फोन करा.

आणखी एक. लेप्टोसाठी दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन घेत असाल तर कातडी लवकर भाजते. गोळी मनाने बंद करू नका, अंग झाका.

लांब बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ 30 चे सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. जाळ्याइतकीच कातडीही जपा. आपल्या होडीवरच्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.