समुद्र नसलेल्या गावाचे बंदर

आपल्या सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलावात फार तर होडी चालेल. तरीपण अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतले टॉवेलचे माग किती पाळ्या चालणार, हे पुष्कळदा न्हावाशेवाच्या धक्क्यावर ठरते. येथला टेरी टॉवेल सुमारे ४०० किलोमीटर रस्त्याने जाऊन, १९८९ साली सुरू झालेल्या तेथील जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातो.

बंदरात माल तुंबतो म्हणजे नेमके काय होते? गर्दी होते, एवढे उत्तर पुरेसे नाही. कंटेनर ही पोलादी पेटी फिरती असते. भरून गेलेली पेटी तिकडे रिकामी होऊन परत आली तरच पुढच्या मालाला जागा मिळते. २०२१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस व लाँग बीच या बंदरांबाहेर जहाजांच्या रांगा लागल्या. पेट्या तिकडे अडकल्या आणि इकडे तयार मालाला पेटी मिळेना. त्याच वर्षी मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. कालवा सहा दिवस बंद होता, परंतु खोळंबलेली जहाजे नंतर एकदमच बंदरांवर येऊन थडकली.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली. इतिहासाच्या पुस्तकातली वास्को द गामाची वाट ती हीच! युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. फेरी लांबली की तेवढ्याच जहाजांच्या वर्षातील फेऱ्या घटतात. म्हणजे एकही जहाज न बुडता जहाजे कमी पडतात. मला तरी या विषयातली ही सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटली.

वाढलेले भाडे परदेशी खरेदीदार भरेल, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. एफ.ओ.बी. करारात भाडे त्याचेच असते, हे खरे. परंतु माल जहाजावर चढल्याशिवाय बिल ऑफ लेडिंग हाती येत नाही, आणि त्या कागदाशिवाय सहसा बँकेतून पैसे सुटत नाहीत. गठ्ठे गोदामात पडून राहतात आणि सुताचा व्यापारी मात्र मुदतीला दारात उभा असतो. मोठा कारखानदार कर्ज काढून तग धरतो. आठ मागांचा मालक पहिल्यांदा एक पाळी बंद करतो. यंत्रमाग कामगाराची मजुरी कामावर असते, माग थांबला की तीही थांबली. माझे वडील मागावरच आहेत. २०२४ च्या आरंभी त्यांची रात्रपाळी काही आठवडे बंद होती आणि आमच्या घरी महिन्याचा किराणा पाव-पाव किलोने येत होता.

टॉवेल निदान नासत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाला तेवढीही सवड नसते.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने निर्यात कर्जाची कमाल मुदत एका वर्षावरून पंधरा महिने केली होती. बंदरे तुंबतात तेव्हाही तशी सवलत आपोआप लागू व्हावी, असे माझे मत आहे. कारखानदाराला तिने श्वास घेता येईल. बंद पडलेल्या पाळीच्या मजुरीचे काय, याला त्या परिपत्रकात रकाना नव्हता.