परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याआधी

चि. सायलीस,


तुझं पत्र मिळालं. वाचनालयाच्या कथास्पर्धेसाठी तुला परीक्षक नेमलं, याचा मला फार आनंद झाला. गठ्ठा घरी आला, काही कथा वाचून झाल्या आणि आता तुला धास्ती वाटते आहे. यातलं साहित्य कशाला म्हणायचं, आणि शेवटी ही ज्याची त्याची आवडच असेल तर ठरवणारी मी कोण, असं तू विचारतेस. तुझा दुसरा प्रश्न मोठा आहे, म्हणून पहिला आधी उरकते.

साहित्याच्या व्याख्येवरून आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. भामहाने अलंकाराला मान दिला, वामनाने रीतीला, आनंदवर्धनाने ध्वनीला. प्रत्येकाच्या हाती काहीतरी खरं लागलं, पण एकाच्याही सूत्रात सगळं साहित्य मावलं नाही. कुणी कशासाठी लिहिलं किंवा कोणत्या प्रकारात लिहिलं, यावरूनही ते ठरत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेव्हा त्यांना साहित्यकृती रचायची नव्हती. चक्रधरस्वामींच्या आठवणी जशाच्या तशा टिकाव्यात, एवढाच ध्यास होता. स्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून ते विचारत राहिले. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तोही नोंदला गेला. शोभेची भाषा त्यात जवळपास नाही. वाक्यं आखूड, बोलणं थेट आणि प्रसंग डोळ्यांपुढे घडणारा. प्रश्नामागून प्रश्न विचारून स्वामींना बोलतं करणारी महदाइसा सातशे वर्षांनंतरही समोर बसल्यासारखी भेटते. पुढे हा ग्रंथ सांकेतिक लिपीत महानुभाव पंथाच्या आतच राहिला आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचायला विसावं शतक उजाडलं. इतका काळ बाहेरच्या जगात त्याला ना समीक्षक होता, ना ग्राहक. तरी मराठी गद्याचा इतिहास आज त्याच्यापासूनच सांगावा लागतो. तेव्हा तुझ्या गठ्ठ्यात एखादी कथा आठवणीच्या वहीसारखी किंवा तक्रारअर्जासारखी लिहिलेली निघाली, तर 'ही कथाच नव्हे' म्हणून ती बाजूला ठेवू नकोस.

आता आवडीचं. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे कबूल. पण आवडणं आणि मोल ठरवणं ही दोन कामं आहेत. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी सहृदय वाचकाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी काव्याच्या सततच्या अभ्यासाची अट घातली. पुष्कळ वाचून, ताडून, पुन्हा वाचून ही नजर येते. 'मला आवडलं' एवढ्यावर वाचक थांबू शकतो. परीक्षकाला मात्र 'का' ते सांगावं लागतं, आणि कथेतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून सांगावं लागतं. ते बोट ठेवता आलं की दुसऱ्याला तीच जागा वाचून तुझ्याशी वाद घालता येतो. आवडीवर वाद होत नाही, निर्णयावर होतो. तो व्हायलाच हवा.

बोट ठेवणं म्हणजे काय, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरून सांगते. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झालं. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. तिच्या आयुष्यात रडकथेला लागणारं सगळं सामान तयार होतं. वडिलांचं सोवळं वेडाच्या थराला गेलेलं, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. नवरा कवी, मनाने थोर, पण हाती पैसा न टिकणारा आणि रागाच्या भरात घर सोडून निघून जाणारा. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं आणि पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. एखाद्या सामान्य लेखिकेने यातून नवऱ्याला खलनायक केलं असतं किंवा देव. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. टिळकांचा विक्षिप्तपणा त्या इतका नेमका सांगतात की आपल्याला त्यांचा राग येतो, आणि लगेच पुढच्या प्रसंगात त्याच माणसाचं मोठेपण असं पुढे येतं की राग टिकत नाही. स्वतःलाही त्या सवलत देत नाहीत. आपलं सोवळंओवळं एकेक पायरीने कसं गळून पडलं, ते त्या तितक्याच मोकळेपणी सांगतात. प्रसंग दुःखाचा असला तरी वाक्य हुंदका देत नाही. ज्याने आपल्याला दुखवलं त्यालाही लिहिताना पूर्ण माणूस ठेवणं, ही मला साहित्यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. ती साधलेली दिसली की गुण देताना हात आखडू नकोस.

हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचत आले आहे आणि दर वेळी त्यात नवं काही सापडतं. सगळ्याच पुस्तकांचं असं होत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी घराघरात वाचनाची गोडी लावली. ते ऋण मोठं आहे, आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. पण गुन्हेगार कळला की ती कथा आपल्यापुरती संपते. म्हणून निवडीच्या कथा दोनदा वाच. पहिल्या वाचनात उत्सुकता काम करते, दुसऱ्यात लेखन उघडं पडतं.

आता परीक्षकाची नजर कुठे चुकते ते सांगते, कारण मराठीत ही चूक मोठ्या प्रमाणावर झाली आहे. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. महादेव गोविंद रानड्यांनी निमंत्रण दिलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी नकार कळवला. जे आम्हाला माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. कुणाचा अनुभव साहित्याला योग्य आणि कुणाचा नाही, हे आधीच ठरलेलं असेल तर पुढची सगळी पारख पोकळ होते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, दया पवारांचं 'बलुतं' आलं. दलित आत्मकथनांबद्दल तेव्हा जाणत्या मंडळींतही एक सूर लागला: अनुभव दाहक आहे, समाजशास्त्राला उपयोगी आहे, पण यात कला कुठे आहे? मला या प्रश्नाचा आजही राग येतो, कारण उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच. एक महारवाड्यातला, दुसरा शहरात नोकरी करणारा, लिहितावाचता. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, या रचनेमुळे पुस्तकभर एक ताण राहतो. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची लाज वाटते, आणि त्या लाजेचीही लाज वाटते. ही रचना लेखकाने विचारपूर्वक निवडलेली आहे. केवळ माहितीसाठी वाचणाऱ्यांना ती दिसली नाही, आणि दोष मात्र पुस्तकाच्या माथी आला.

याच्या उलटी चूक आज जास्त होते, आणि तुला ती टाळायची आहे. शेतकऱ्याची आत्महत्या, बलात्कार, वृद्धाश्रमातले आईवडील असे विषय आले की परीक्षकाची लेखणी आपोआप वरच्या गुणांकडे सरकते. विषयाला गुण देऊ नकोस. दुःख मोठं असेल तर त्याला चांगल्या लेखनाचा जास्तच हक्क आहे. गळफास, पाऊस आणि सावकार तीन पानांत उरकणारी कथा त्या शेतकऱ्याला न्याय देत नाही. त्याचा बँकेतला फेरा, पासबुकातली नोंद, भावकीतलं एखादं बोलणं जिने नीट पाहिलं असेल, ती कथा वर ठेव.

फडके-खांडेकरांच्या कला की जीवन या वादात तू अडकू नकोस, त्यातून हाती फारसं लागत नाही. मर्ढेकर मात्र वाच. 'सौंदर्य आणि साहित्य' जड जाईल, पण कृतीतले भाग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते पाहायची सवय त्या पुस्तकाने लागते. त्यांच्याच 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. त्या कविता चांगल्या आहेत, हे मात्र कोर्टाला ठरवता येणार नव्हतं. ते वाचकांनाच ठरवावं लागलं.

'काळच ठरवतो' असं तुला पुष्कळजण सांगतील. त्यावर विसंबू नकोस. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. शेतात आणि जात्यावर म्हटलेली त्यांची गाणी घरातल्या मुलांनी कागदावर उतरवून ठेवली होती. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. उतरवणारे हात आणि ओळखणारा डोळा नसता, तर काळाने ती गाणी बहिणाबाईंबरोबरच नेली असती. अशा किती बायकांची नेली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. तुझ्या गठ्ठ्यातही एखादी अशी कथा असू शकेल, वाईट अक्षरातली, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली. ती तुझ्या हातून निसटली तर पुढे कुणी वाचेलच असं नाही.

कामाचं थोडं सांगते. लेखकांची नावं आधी झाकून घे. प्रत्येक कथेचं एक पान मोठ्याने वाच, खोटं संवादवाक्य कानाला लगेच कळतं. दुसऱ्या परीक्षकाने तुझ्या मताविरुद्ध कथेतली जागा दाखवली तर क्रम बदलायला संकोच करू नकोस, पण नुसत्या वयाच्या किंवा मानाच्या दडपणाने बदलू नकोस. पहिल्या क्रमांकाची कथा नसेल तर पहिलं बक्षीस कुणालाच देऊ नका, तसं संयोजकांना स्पष्ट कळव.

आणि एक विनंती आहे. जी कथा मागे पडेल तिच्या लेखकालाही दोन-चार ओळी लिही, काय जमलं आणि कुठे घसरलं ते पानाचा उल्लेख करून सांग. त्यातले दोन अभिप्राय पाठवण्याआधी मला दाखव.

तुझी,
आत्या