बंदूक ठेव, पोच घे

अगं, आधी शांत बस बघू. भाऊजींनी बंदुकीचं नाव काढलं म्हणून तुझी झोप उडायला नको. मका कणसाला आलाय, नवरा पुण्याला नोकरीवर, सासऱ्यांना रात्रीचं नीट दिसत नाही, आणि त्यात कुणीतरी आखाड्यावर येऊन सांगून गेलं की बुलडाण्याच्या डोंगरातून अस्वल उतरलंय, शिकारीचा परवाना काढून मोकळे व्हा. एकट्या बाईनं काय काय बघायचं, हे मला कळतं गं. पण यातलं एकेक काम तुला जमण्यासारखं आहे.

खरं सांगू का, आपल्याकडे अस्वलाच्या शिकारीचा हंगाम नावाची गोष्टच नाही. भाऊजी मोबाईलवर बघतात ते अमेरिकेतलं. तिथे बऱ्याच राज्यांत काळ्या अस्वलाच्या शिकारीचे दिवस ठरलेले असतात, पैसे भरून परवाना मिळतो. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि आपलं अस्वल त्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत बसलंय. ते मारलं तर कमीत कमी तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंतही होऊ शकते, वर निदान 25 हजारांचा दंड. आणि शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे बरं. फासा लावणं, आमिष टाकणं, हाकारून कोंडणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. एखादं अस्वल माणसांच्या जिवावरच उठलं, तर त्याचं काय करायचं ते राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी ठरवतात. सरपंच नाही, पोलीस पाटील नाही आणि आपले भाऊजी तर नाहीतच. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा होत नाही. पण बंदूक घेऊन त्याच्या मागावर गेलं की ती सबब चालत नाही.

जाफराबाद-भोकरदनच्या वरच्या अंगाला बुलडाणा जिल्हा लागतो आणि तिथलं ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे अफवा उठायला वेळ लागत नाही. तरी माहिती असू दे. अस्वल माणसाला खायला येत नाही. वाळवी, मध, बोरं, सीताफळं हे त्याचं खाणं. ते वारुळात तोंड खुपसून बसलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. आपण अचानक समोर गेलो की ते घाबरून थेट अंगावर येतं आणि चेहऱ्यावर, डोक्यावर पंजा मारतं. म्हणून डोंगराकडे सीताफळाला जायचंच असेल तर दोघीतिघींनी मिळून, मोठ्यानं बोलत, उजाडल्यावर जा. पोरांना झुडपात एकटं सोडू नकोस. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर आल्या पावली, तोंड तिच्याकडेच ठेवून, हळूहळू मागे सर. पळायचं नाही. पडलीसच तर पालथी पड आणि दोन्ही हात मानेवर घट्ट धर.

आणि हो, आत्याबाईंनी जुन्या पेटीतून अस्वलाच्या केसांचा ताईत काढलाय म्हणालीस ना, बाळाला भीती वाटू नये म्हणून? पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा तेव्हा घरोघरी असे ताईत बांधायचे. आता असले केस, नखं विकत घेणंही गुन्ह्यात जातं. त्यांचं मन मोडू नकोस, पण बाळाच्या गळ्यात तो घालू नकोस. बाजारात कुणी नवा विकायला आणला तर त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझा मका अस्वलानं नेलाय की दुसऱ्या कुणी, हे आधी बघायला नको का? सकाळी दव आहे तोवर धुऱ्यानं एक फेरी मार. ताटं बुडापासून आडवी पडलीत, कणसं अर्धवट चावून टाकलीत आणि माती नाकाडानं उकरून काढलीय, तर ते रानडुक्कर. शेंडे ओरबाडलेत, मोठ्या खुरांनी वावर तुडवलंय आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचलाय, तर तो रोही. रोही पुन्हापुन्हा त्याच ठिकाणी लेंड्या टाकतो, बघ. आपल्या भागात ताप आहे तो या दोघांचाच, आणि अस्वलाच्या नावानं घाबरण्यापेक्षा त्यांची तजवीज केलेली बरी.

या दोघांसाठी मात्र कायद्यात वाट आहे. नुकसान करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायची परवानगी मागण्याबाबत शासनानं 2015 साली नियम केलेत. अर्ज वनक्षेत्रपालांकडे करायचा. जंगलाच्या हद्दीत गोळी घालायची नाही, बंदूक परवान्याची हवी आणि मेलेलं जनावर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं. मटणाचा बेत तर मुळीच नाही. मला विचारशील तर या वाटेला जाऊ नकोस. अंधारात उभ्या मक्यात बंदूक चालवणं म्हणजे शेजारच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ. जाळी लाव, झटका मशीन बसव, चार शेतं मिळून राखणीच्या पाळ्या लावा.

झटका मशीनवरून आठवलं, आणि हे नीट ऐक. भाऊजी मोटारीच्या खोलीतून तार ओढून कुंपणात करंट सोडायचं म्हणत असतील तर त्यांच्याशी भांडण काढ, रुसून बस, पण ते होऊ देऊ नकोस. झटका मशीन बॅटरीवर थांबून थांबून हलका धक्का देतं, जनावर दचकून मागे फिरतं. खांबावरची लाईन सोडली की जो शिवेल तो चिकटतो. तिथे रानडुकराआधी पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी सापडतो, कधी आपलंच लेकरू. मग चोरीच्या विजेचा गुन्हा वेगळा आणि सदोष मनुष्यवधाचा वेगळा. चार क्विंटल मक्यासाठी घर कोर्टाच्या पायरीला लागतं. सुतळी बॉम्ब पिठाच्या गोळ्यात घालून ठेवायची आयडिया कुणी दिली तरी उत्तर हेच.

भरपाईचं मात्र सोडायचं नाही, तो तुझा हक्क आहे. नुकसान दिसलं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज गेला पाहिजे. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स एका पिशवीत आजच घालून ठेव. तुडवलेल्या ताटांचे, खुरांच्या ठशांचे फोटो काढ, मागे विहीर किंवा बांधावरचं ओळखीचं झाड येईल असे. पंचनामा होईपर्यंत पडलेला मका उचलू नकोस, जनावरांना तर घालूच नकोस. आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. "उद्या या" म्हणाले तर बाकड्यावर बसून राहा. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः शेतात उभी राहा. किती गुंठे गेले ते तुझ्यासमोर लिहिलं जाऊ दे आणि वाचल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.

जनावरानं माणसाला इजा केली तर पहिल्यांदा सरकारी दवाखाना गाठायचा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवायचं. अस्वल असो, रानडुक्कर असो की बिबट्या, त्यात कुणाचा जीव गेला तर राज्यात कुटुंबाला 25 लाखांची मदत देण्याचा निर्णय 2023 साली झालाय. ती कुणाला लागू नये, पण घरातल्या एका तरी बाईला ती माहीत असावी.

भाऊजी वाईट नाहीत गं. शेत हातचं जाताना बघून माणूस खवळतोच. त्यांना घरातून हाकलू नकोस, कामाला लाव. अर्ज लिहायला बसव, जाळीचे खांब रोवायला सांग, जागलीची पहिली पाळी त्यांनाच दे. वनखात्याचा 1926 हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर ठळक लिही, तुझ्या आणि भाऊजींच्या मोबाईलमध्येही घाल. आणि करंटची तार कुणी आधीच बांधली असेल, तर आज दिवस मावळायच्या आत ती उतरवून घे आणि मला फोन कर.