ताई, गप्प का बसलीस?

सणसर, ता. इंदापूर
रविवार, रात्री

चि. ताईस,

फोनवर तू "हो काका, बरं काका" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसलोय. चिठ्ठी डब्याच्या पिशवीत टाकतो. आधी जेव, मग वाच.

परवा जंक्शनला तुझ्या वर्गातली ती बेलवाडीची पोरगी भेटली. बोलता बोलता म्हणाली, बॉटनीच्या तोंडी परीक्षेत तू एक शब्द बोलली नाहीस. सरांनी ऑस्मोसिस विचारलं आणि तू खाली मान घालून उभी. लेखीत वर्गात दुसरी आणि तोंडीला ही तऱ्हा! वर असंही सांगितलं, की तू सायन्स सोडून आर्ट्सला जायचं म्हणतेस, तिथं मराठीत लिहिता येतं म्हणून. खरं आहे का हे? दादाच्या कानावर मी अजून घातलेलं नाही. वहिनीच्या तर नाहीच. ती लगेच सोयरिकीचं काढेल, तुला ठाऊक आहे.

आर्ट्स वाईट, असं मी म्हणत नाही. मनापासून जायचं तर खुशाल जा. पण भिऊन जाऊ नकोस.

आणि ऑस्मोसिस तुला येत नाही? खालच्या पट्टीत मीठ फुटलं, पाणी भरपूर असून ऊस पिवळा पडला, तेव्हा बांधावर उभी राहून दादाला कोण समजावत होतं? जमिनीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर जायला बघतं, हे तुझेच शब्द. आठवीत होतीस. नीरा डाव्या कालव्यानं ब्रिटिशांच्या काळात या भागात पाणी आणलं आणि पाण्यामागून खारही आणला, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे सरांनी विचारलं ते तुझ्या घरचंच होतं. मग गप्प का बसलीस?

राग आला मला, खोटं कशाला बोलू. वजनकाट्यावर मापाडी काही लपवतोय असं वाटलं तर पंधराव्या वर्षी त्याच्याशी भांडणारी तू!

ती पोरगी म्हणते, चुकलं तर हसतील असं तुला वाटतं. 'शी गो' की 'शी गोज', यात तू अडकतेस. अगं, मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. खाणारी एकच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणं बदलतं. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. अंगणवाडीत जायच्या आधी तू हे सगळं बिनचूक बोलत होतीस. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या 'इट', आणि साध्या वर्तमानकाळात ही-शी-इट आलं की क्रियापदाला एक 'स' किंवा 'झ' लावायचा. 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात, 'आय डिड नॉट वेंट' नाही, 'आय डिड नॉट गो'. खरं अवघड जातं ते 'अ' आणि 'द'चं, कारण आपल्या भाषेत ती भानगडच नाही. ते चुकेल, बरीच वर्षं चुकेल. चुकू दे. 'द' राहिला म्हणून मुळं पाणी ओढायची थांबत नाहीत.

आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. तुम्हाला पहिलीपासून. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते सुरू झालं, तेव्हा केवढा वाद झाला होता. तरी बारा वर्षं इंग्रजी शिकून पोरं बोलत नाहीत, कारण फळ्यावरचं उतरवून घेणं यालाच आपण इंग्रजी म्हणत आलो. यात तुझा काय दोष?

कारखान्यात मी चिटबॉय होतो तेव्हाची गोष्ट. लग्न व्हायचं होतं. साखरेच्या एका कोर्ससाठी पुण्याला मुलाखतीला गेलो होतो. उसाच्या रसात चुना का घालतात, गंधकाचा धूर कशासाठी देतात, हे हंगामभर डोळ्यांनी पाहिलेलं. समोरच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, इंग्रजीत. प्रश्न कळला होता, ताई. सगळा कळला होता. संध्याकाळच्या एसटीनं परत आलो आणि आईला म्हणालो, जागा आधीच भरल्या होत्या. तिला शेवटपर्यंत तेच खरं वाटलं. दादाला तेवढं माहीत आहे. जाऊ दे तो विषय.

म्हणून विचारतो, गप्प का बसलीस?

आता त्या 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'चं. वहिनीकडं तू क्लासचे पैसे मागितलेस, ते कळलं. फाडफाड कशाला पाहिजे? तुला दोन वाक्यं शांतपणे सांगता आली की झालं. माळ्यावरून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढून ठेवलीय. वाक्यं जुनाट आहेत, वाचून हसशील, पण मराठी वाक्याचं इंग्रजी कसं बांधायचं हे त्याइतकं सोपं कुणी सांगितलेलं मी पाहिलं नाही. व्याकरणाची गरज नाही म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पण पुस्तकानं हात सुधारतो, तोंड उघडत नाही. त्यासाठी त्या दिवशीचं प्रॅक्टिकल रोज रात्री रूममेटला इंग्रजीत सांग. शब्द अडला तिथं मराठी घाल आणि पुढं जा, थांबू नकोस. मोबाइलवर बीबीसी लर्निंग इंग्लिश फुकट आहे, ते ऐक आणि मागून मोठ्यानं म्हण. खोलीतल्या पोरी वैतागतील, वैतागू देत.

फलटण आपल्यापासून लांब नाही. तिथं मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मोठेपणी मराठी शिकल्या, फलटणचे लोक मराठी कसं बोलतात यावरच पीएच.डी. केली, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि प्रगत शिक्षण संस्था काढली. सगळे त्यांना मॅक्सीन मावशी म्हणायला लागले. आपला 'ळ' आणि 'ण' म्हणताना त्यांची जीभ किती वेळा अडली असेल! आणि तुझ्या पदवीवर ज्यांचं नाव छापून येणार, त्या सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असं सांगणारी कविता लिहिलीय. पोरींनी पाटी हातात धरलेली चालत नव्हती, त्या काळात. वहिनीनं सोयरिकीचं काढलंच तर तिला हे सांग. माझं नाव सांगू नकोस.

जास्त बोललो. ती पोरगी म्हणाली, त्या दिवशी तू जेवली नाहीस आणि खोलीचं दार लावून बसलीस. हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं आणि मी पत्रात शेवटी लिहितोय. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. त्या रात्री फोन का नाही केलास? काकीला तरी करायचास.

सरांना एकदा भेट. "सर, आय नो द आन्सर. प्लीज आस्क मी अगेन." एवढंच म्हण. त्यांनी नाही विचारलं तर राहिलं, मार्क गेले तर गेले. मार्कांसाठी मी हे लिहीत नाहीये, पोरी.

डब्यात काकीनं दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय. दशम्या दोन दिवस टिकतील, रूममेटलाही दे. क्लासच्या फीएवढे पैसे पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत. क्लास लावायचा तर लाव, नाहीतर चांगला चष्मा घे, जुन्याची काडी मोडलीय म्हणत होतीस.

शनिवारी ये. ओट्यावर बसून ते ऑस्मोसिस मला इंग्रजीत सांग. मला अर्धं कळणार नाही, पण मी मध्ये बोलणार नाही. आणि आर्ट्सलाच जायचं पक्कं असेल तर तेही सांग. दादाशी मी बोलेन.

तुझा
काका