बॉस्टनमधलं घर आणि डिसेंबरची रात्र

लेक एमएसला बॉस्टनला निघाली की घरात पहिली चौकशी होते ती भाड्याची. होणारच. डोक्यावर कर्ज असतं आणि प्रत्येक डॉलरचे रुपये मनातल्या मनात होत असतात. मग मॉल्डन नाहीतर क्विन्सीसारख्या उपनगरात स्वस्तातली खोली दिसली की आपण म्हणतो, घेऊन टाक. आईबाबांनो, इथे जरा थांबा.

नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचंच बघा. मॉल्डनहून मेट्रोची ऑरेंज लाइन थेट रगल्स स्टेशनला, विद्यापीठाच्या दारात आणून सोडते. क्विन्सीहून यायचं तर रेड लाइन, मग डाउनटाउन क्रॉसिंगला गाडी बदलायची. जूनमध्ये नकाशा बघताना यात अवघड काहीच वाटत नाही. पण डिसेंबरच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. लायब्ररीतलं काम आटोपून रात्री दहाला निघालेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. फलाटावर बोचरा वारा, पाठीवर लॅपटॉप, हातात दुधाचा कॅन आणि उतरल्यावर बर्फ गोठून निसरड्या झालेल्या फुटपाथवरून घरापर्यंतची चाल. हे एखाद्या दिवसापुरतं नसतं, हिवाळाभर असतं. म्हणून पहिल्या वर्षी तरी चौघी-पाचजणींनी मिळून मिशन हिल किंवा फेनवेसारख्या, चालत जाता येईल अशा भागात राहावं, असं माझं ठाम मत आहे. खोली लहान मिळेल, पैसे थोडे जास्त जातील. जाऊ द्या.

जवळच्याच रॉक्सबरी भागाचं नाव ऐकून मात्र तो असुरक्षित म्हणून एकदम फुली मारू नका. तिथे गल्लीगणिक फरक आहे. शेजारच्या रस्त्यावर राहून गेलेल्या मुलामुलींना विचारा. इंटरनेटवरच्या रंगीत नकाशापेक्षा त्यांना जास्त कळतं.

बहुतेक भाडेकरार 1 सप्टेंबरला सुरू होतात. ऑगस्टमध्ये पोचणाऱ्या मुलीची मधल्या दिवसांची सोय आधीच बघायला हवी. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार घरमालक सुरुवातीला पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत आणि कुलपाचा खर्च एवढंच मागू शकतो. 15 सप्टेंबर ते 31 मेपर्यंत घर दिवसा किमान 20 अंश सेल्सिअस उबदार ठेवता येईल, ही सोय त्यानंच करायची असते. त्या उबेचं बिल मात्र लेखी करारानं भाडेकरूवर टाकता येतं. हीटिंग भाड्यात धरलंय का, हे विचारल्याशिवाय दोन घरांच्या भाड्यांची तुलना करू नका.

आणि नुसत्या फोटोंवर भुलून पैसे पाठवू नका, समोरचा कितीही घाई करो. तिथे असलेल्या एखाद्या सीनियरला घर बघायला जायची विनंती करा. त्यानं संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून स्टेशनपासून दारापर्यंत चालत जावं, गरम पाण्याचा नळ सोडून दाखवावा, खिडक्या नीट बंद होतात का ते बघावं. त्या कॉलवर तुम्हीही बसा. बघून झालं की निर्णय लेकीला घेऊ द्या, कारण त्या रस्त्यानं रोज तिला चालायचंय.